परवान्यावरची दारूबंदी

महाराष्ट्रात दारूबंदी आहे. वाचून हसू येईल, पण कायद्याच्या पुस्तकात हे आजही खरे आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा, म्हणजेच आताचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, कधी रद्द झालाच नाही. दारू बनवणे, बाळगणे, विकणे आणि पिणे त्याने सरसकट निषिद्ध ठरवले आणि परवाना असणाऱ्याला तेवढी सूट दिली. म्हणजे पुण्यात बाटली विकत घेणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा परवाना हवा. विदेशी मद्यासाठी तो एका दिवसापुरता पाच रुपयांत मिळतो आणि कागदोपत्री त्याचे कारण असते आरोग्य राखणे! शहरातल्या दुकानांत तो किती गिऱ्हाइकांकडे मागितला जातो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. देशभर दारूबंदी करा अशी मागणी अधूनमधून होते, तेव्हा सगळे बिहार आणि गुजरातकडे बोट दाखवतात. आपल्या घरचे उदाहरण मात्र कुणी काढत नाही. आपण बंदी उठवली नाही, अपवादांनी ती पोखरली. आणि या अर्धवट अवस्थेत बंदीचा धाक गेला, तिचा ढोंगीपणा तेवढा मागे राहिला.

दारूबंदीच्या मागणीची मुळे पुण्यात खोलवर आहेत. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा, 1880 मध्ये, शहरात दारूची दुकाने वाढवण्याला त्यांनी लेखी विरोध केला होता. नगरपालिका लोकांच्या आरोग्यावर खर्च करते आणि ही दुकाने तेच आरोग्य नासवतात, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. 1908 मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यातल्या दारूगुत्त्यांवर निरोधन (पिकेटिंग) झाले, स्वयंसेवकांची धरपकड झाली. फुले आणि टिळक यांचे फारशा बाबतीत जमले नसते, पण अबकारीवर पोसलेले सरकार दोघांनाही खुपत होते. पुढे मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि मंत्री डॉ. गिल्डर यांच्या खात्याने 1 ऑगस्ट 1939 पासून मुंबई शहरात बंदी लागू केली. ती न्यायालयात अडखळली. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंनी नवा कायदा आणला आणि 6 एप्रिल 1950 पासून, दांडीच्या मिठाचा मुहूर्त साधून, मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. या कायद्याला आव्हान देणाऱ्या बालसारा खटल्यात 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधे आणि प्रसाधनांपुरती काही कलमे खोडली, बाकी कायदा टिकला.

कायदा टिकला, पण दारू थांबली नाही. काळा गूळ आणि नवसागर यांवर चालणारी हातभट्टी हा मुंबईच्या वस्त्यांतला घरगुती धंदा झाला. माल रबरी ट्यूबमध्ये भरून फिरू लागला. डॉक्टरचा दाखला आणता येणाऱ्या उच्चभ्रूंना हेल्थ परमिट मिळे, गिरणी कामगाराला अड्डा. वरदराजन मुदलियारसारख्या टोळीप्रमुखांचे साम्राज्य याच पैशावर उभे राहिले आणि पोलिसांना हप्त्याची सवय लागली. अमेरिकेने हाच धडा 1920 ते 1933 या तेरा वर्षांत घेतला आणि घटनादुरुस्ती करून बंदी मागे घेतली. आपण तसे केले नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात परवाने सैल झाले, देशी दारूची दुकाने आली, कायद्याचे नाव तेच राहिले. आज त्याच कायद्याखाली राज्य उत्पादन शुल्क विभाग महसुलाची उद्दिष्टे गाठतो. जून 2025 मध्ये करवाढ झाली, ती वर्षाला 14 हजार कोटी रुपये जादा मिळावेत म्हणून. बंदीच्या कायद्यातून एवढी कमाई करणारे राज्य पिणाऱ्यांची संख्या घटावी अशी मनापासून इच्छा करील, हे मानणे कठीण आहे.

बंदी नको म्हटले, की दोन आक्षेप येतात. पहिला वजनदार आहे: बंदीने पिणे कमी होते. बिहारमध्ये 2016 नंतर नियमित पिणे आणि घरातली मारहाण घटल्याचे अभ्यासातून दिसले आहे, आणि नवऱ्याच्या पगाराची वाट पाहणाऱ्या बाईला व्यक्तिस्वातंत्र्याचे प्रवचन देण्यात अर्थ नाही. पण त्याच बिहारमध्ये डिसेंबर 2022 मध्ये छपऱ्याला विषारी दारूने सत्तरहून अधिक माणसे गेली. मुंबईतल्या मालवणीत 2015 साली असेच शंभराहून अधिक बळी गेले तेव्हा शहरात दारू उघड मिळत होती, असे कुणी म्हणेल. तेही खरेच, गरिबाला परवडणारी दारू विषारी निघते, मग चांगली दारू बंदीमुळे महागो वा करामुळे. आपल्याकडे बंदीला थोडेफार यश आले ते गडचिरोलीत, 1993 मध्ये, कारण तिथे बंदीच्या आधी लोकांची वर्षानुवर्षांची चळवळ होती. शेजारच्या चंद्रपुरात 2015 ला लागू झालेली बंदी सहा वर्षांत उठली. तिथेही स्त्रियांनी मोर्चे काढले होते, पण राबवणारी यंत्रणा परवान्याच्या संस्कृतीत मुरलेली होती. मग दिल्लीतून साऱ्या देशावर बंदी लादून काय होणार? शिवाय दारू हा राज्यांच्या यादीतला विषय. पंतप्रधान झाल्यावर मोरारजींनी चार वर्षांत देशव्यापी बंदीचा संकल्प सोडला, तो कागदावरच राहिला.

दुसरा आक्षेप असा, की परवान्याची अट काढली तर सरकार दारूला प्रोत्साहन देते असा संदेश जाईल. संदेश तर रोज रात्री जातोच. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. चालवणारा 17 वर्षांचा होता आणि त्याआधी पबमध्ये त्याला दारू दिल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. नियमाने विदेशी मद्याला वय 25 लागते. त्यानंतर पबवर धडक कारवाई झाली, म्हणजे नियम आधीही होते. ज्या कायद्यात सगळेच गुन्हेगार, त्यात कुणाला पकडायचे हे अधिकारी ठरवतो. तिथे वयाचा नियम आणि पाच रुपयांचा कागद एकाच भावात मोडतात. पिणाऱ्याचा परवाना रद्द करा, वय आणि वेळ यांचेच मोजके नियम ठेवा आणि ते मोडणाऱ्या दुकानाचा परवाना खरोखर जाऊ द्या. निर्णयाचा हक्क मात्र वस्तीला हवा. दुकान बंद व्हावे म्हणून ‘बाटली आडवी’ करण्याचे स्त्रियांचे मतदान गावांत अनेकदा झाले. प्रभागांत ते सुलभ करायला हवे. नव्या दुकानाला सोसायटीचे ना-हरकत पत्र लागेल, असे सरकारने 2025 मध्ये विधानसभेत सांगितले. झोपडपट्टीला सोसायटी नसते, आणि देशी दारूचे दुकान बहुधा तिच्याच तोंडाशी असते.