जन्माचं वजन कुणी विचारेल का?

घरात कुणाला बीपी? शुगर? तंबाखू खाता? पस्तिशीतला माणूस दवाखान्यात आला की हे प्रश्न ठरलेले. ‘जन्मताना वजन किती होतं?’ हे मात्र कुणी विचारत नाही. प्रसूतिकक्षात उभी हयात गेलेली परिचारिका म्हणून सांगते, हा प्रश्न विचारायलाच हवा.

या वजनाची गोष्ट सुरू होते वारेपासून. बाळ जन्मलं आणि पोटात त्याला पोसणारी वार पडली की आम्ही ती ट्रेमध्ये घेऊन उलटसुलट पाहतो. तुकडा आत राहिला तर रक्तस्राव होतो, म्हणून. पूर्ण आहे अशी खात्री पटली की ती पिवळ्या पिशवीत जाते. पूर्ण दिवसांच्या बाळाची वार साधारण अर्ध्या किलोची. वाढ खुंटलेल्या बाळाची पुष्कळदा लहान असते, मध्येमध्ये पांढरट, घट्ट चट्टे. रक्त न पोचल्याने मेलेला तो भाग. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत पुरेशा रुंदावल्या नाहीत की असं होऊ शकतं. त्यातच अनेकदा आईचं बीपीही चढतं. मग आईनं कितीही खाल्लं तरी बाळाला कमीच पडतं. ‘सुनेनं खाल्लंच नाही’ हा ठपका दर वेळी खरा नसतो.

पोटातलं बाळ मग काटकसर करतं. रक्त आधी मेंदूला. मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंडाला उरलंसुरलं. मूत्रपिंडातल्या गाळण्या तर जन्माआधीच बनतात. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळात नंतर एकही नवी तयार होत नाही. आधीच कमी असलेल्या गाळण्यांवर आयुष्यभर ताण येतो, आणि बीपी वाढण्याचा धोकाही.

जन्मवजनाचा पुढच्या आजारांशी संबंध कळला तोही जुन्या नोंदवह्यांमुळे. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११पासून परिचारिका बाळांची वजनं लिहून ठेवत. डेव्हिड बार्कर यांच्या गटानं त्या वह्या धुंडाळल्या. जन्मताना आणि वर्षाचं होताना कमी वजन असलेल्यांत हृदयविकाराचे मृत्यू जास्त आढळले. आपल्याकडे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी १९९३पासून जवळच्या सहा गावांत अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन. आपली बाळं हाडापेरानं बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून. पुढच्या मधुमेहाची बीजं तिथेच.

म्हणून मागणी साधी आहे. गरोदरपणात दर तपासणीला टेपनं पोट मोजा, बीपी घ्या. वाढ मागे पडली तर बाळाचा रक्तपुरवठा पाहणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीसाठी पाठवा. जन्मवजन आणि गर्भाचे आठवडे हे दोन आकडे शाळेच्या आरोग्य कार्डावर आणि पुढे प्रत्येक केसपेपरवर लिहा. अडीच किलोखाली जन्मलेल्या मुलाचं बीपी लहानपणापासून वर्षातून एकदा तपासा. आणि आजीबाईंनो, अशा नातवाला आईचं दूध भरपूर मिळू द्या. पण तो दोन वर्षांचा झाल्यावर गुटगुटीत करायच्या हौसेनं बिस्किटं चारू नका.