नोकरी आपली, घर कुणाचं?



बाईच्या नोकरीविषयी बोलताना आपण समान वेतन, पाळणाघर, कामाच्या जागचा छळ यांवर सातत्याने बोलत आलो. भाड्याच्या घरावर मात्र फारसं बोललो नाही. एकट्या बाईला घर मिळवताना किती चौकशांना तोंड द्यावं लागतं, हे आपण जाणतो. ते सोडतानाही तिची कशी अडवणूक होते, हे मी अलीकडेच जवळून पाहिलं.

आमच्या गटातली एक मैत्रीण परिचारिका आहे. मुलीला घेऊन पुण्यात राहायची. करार ११ महिन्यांचा, भाडं १२ हजार, अनामत ६० हजार. तीन महिने होत आले आणि तिला नागपूरला कायम नोकरी मिळाली. मालकानं ‘लॉक-इन’चं कलम पुढे केलं. सहा महिन्यांच्या आत घर सोडलं, तर उरलेल्या तीन महिन्यांचे ३६ हजार अनामतीतून कापणार! नातेवाइकांचा सल्ला ठरलेला, ‘मग नोकरीच नको.’

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ११ महिन्यांचा असला तरी यातून सुटका नाही आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं मालकानं खोटं ठरवेपर्यंत ग्राह्य धरलं जातं. मुदतीआधी घर सोडण्याच्या अटी मात्र करारातच ठरतात. तिथे भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ लक्षात ठेवावं. करार मोडल्यास भरपाई वाजवी असावी. करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते.

आम्ही तिघीजणी याच मुद्द्यावर मालकाशी बोललो. घर पंधरा दिवसांत पुन्हा भाड्यानं गेलं होतं. शेवटी एका महिन्याचं भाडं कापून ४८ हजार परत मिळाले. आज ती नागपूरला कामावर आहे.

घर भाड्यानं देणारीही कित्येकदा बाईच असते आणि त्या भाड्यावरच तिची चूल पेटते. तिचं खरं नुकसान भरून द्यायलाच हवं. पण घर रिकामं न राहताही तीन महिन्यांचं भाडं घेणं ही भरपाई नव्हे, दंड झाला.

जिच्या पाठीशी गट नाही, तिनं काय करायचं? म्हणून सही करण्याआधीच बोलायला हवं. बदली किंवा नवी नोकरी आल्यास एक महिन्याच्या लेखी सूचनेवर घर सोडता येईल, हे करारात लिहून घ्या. अनामत किती दिवसांत परत मिळेल, तेही लिहून घ्या. किल्ली देताना घराचे फोटो, विजेच्या मीटरचा आकडा आणि पोच जपून ठेवा.

गटांना माझी विनंती आहे, की पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपला भाडेकरार आणावा आणि तो सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचावा. आपलं पुढचं पाऊल कुठे पडावं, हे त्या कागदाच्या बारीक अक्षरांनी का ठरवावं?