घरी सोडले म्हणजे विमानाची परवानगी नव्हे

नागपूरच्या एका वाचक भगिनीचे पत्र आहे. सासऱ्यांच्या फुप्फुसाचा एक भाग मुंबईत ऑपरेशन करून काढला. आठव्या दिवशी घरी सोडणार आणि दिरांनी नवव्या दिवसाची विमानाची तिकिटे काढून ठेवली आहेत. रात्रभर रेल्वेत हाल नकोत, दीड तासात घरी, असे सगळ्यांचे मत. यांच्या मनात मात्र धाकधूक. पण सुनेला विचारतो कोण?

ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. दिरांची मायाही खोटी नाही, बरं का!

विमानात हवेचा दाब राखतात खरा, पण तो जमिनीवरच्याइतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावी तशी विरळ हवा आत असते. आपले कळसूबाई सुमारे ५४०० फूट. म्हणजे टाके ओले असताना पेशंटला कळसूबाईच्याही वर नेऊन बसवायचे! धडधाकट माणसाला काही जाणवत नाही, पण यांना धाप लागू शकते.

त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. ऑपरेशननंतर फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा साठते, म्हणून तर छातीत नळी घालतात. नळी काढल्यावरही थोडी हवा मागे राहू शकते. घाट चढताना चिवड्याची बंद पिशवी कशी टम्म फुगते, तशी ही हवा वर गेल्यावर फुगते. आठ हजार फुटांवर ती जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढते आणि फुप्फुसच दाबते. तिथे सर्जन कुठून आणायचा?

विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वैद्यकीय नियमांत छातीच्या ऑपरेशननंतरचे पहिले १० दिवस कंपनीच्या डॉक्टरांच्या संमतीशिवाय प्रवास नाही. पोकळीत हवा साठून फुप्फुस मिटले असेल, तर ते पूर्ण फुलल्यावर आणखी ७ दिवस थांबायचे. अख्खे फुप्फुस काढलेल्यांची गोष्ट निराळी, त्यांना सर्जन सांगतील तितके थांबावे लागते. पण नुसते दिवस मोजून भागत नाही. नळी काढल्यानंतरचा एक्स-रे महत्त्वाचा. तेव्हा राउंडच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, "पोकळीत हवा उरली आहे का? विमानाने नेऊ का?" आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. तोंडी निरोपावर घरात वाद होतात, डॉक्टरांच्या सहीपुढे होत नाहीत.

गरज वाटली तर डॉक्टर कमी ऑक्सिजनची हवा श्वासातून देऊन तपासणी करतात. विमानात ऑक्सिजन लागणार असेल तर कंपनीचा मेडिफ नावाचा फॉर्म डॉक्टरांकडून आधीच भरून घ्यावा. घरचा सिलिंडर विमानात चालत नाही.

तिकिटाचे पैसे बुडाले तर बुडू द्यावेत. रेल्वेने न्यायचे ठरले तरी डॉक्टरांना विचारूनच, आणि खालचा बर्थ घ्या. विमान असो की गाडी, पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्यांना मधूनमधून पावले हलवायला सांगा. आणि सामानाची पिशवी त्यांच्या हाती अजिबात देऊ नका, ते मागतील तरी!