विंचू चावला तर धावतो, मग बीपीच्या वेळी का बसून राहतो?

पोफळीहून आलेले एक काका समोर बसले होते. दोन्ही पायांवर सूज, बोलताना वाक्याच्या मध्येच श्वास घ्यायला थांबत होते. गेले पंधरा दिवस रात्री आडवं झोपता येत नव्हतं, खुर्चीत बसूनच झोप काढत होते. इको केला तर हृदयाचं पंपिंग 30 टक्के.

मी विचारलं, "काका, बीपीची गोळी चालू आहे ना?"

"होती. चार वर्षांमागे बंद केली. तपासलं तेव्हा बीपी नॉर्मल आलं होतं. आणि मला काही त्रासच नव्हता हो."

"दम कधीपासून लागतोय?"

काकू म्हणाल्या, "वर्ष झालं असेल. घरापर्यंतचा चढ चढताना मध्ये दोनदा थांबायचे. आम्ही म्हटलं, वय झालं."

या तीन वाक्यांत आपल्या भागातल्या हार्ट फेल्युअरची निम्मी गोष्ट येते. 'त्रास नव्हता', 'नॉर्मल आलं म्हणून बंद केली' आणि 'वय झालं'. हार्ट फेल्युअरचा धोका वाढवणारी कारणं बरीच आहेत आणि ती मी खाली सांगणारच आहे. पण माझं स्पष्ट मत असं आहे की आपल्याकडचा सर्वांत मोठा आणि सर्वांत सहज टाळता येणारा धोका म्हणजे मनाने बंद केलेली बीपीची गोळी.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे

'फेल' शब्द ऐकला की घरचे रडायलाच लागतात. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय चालूच असतं. फक्त शरीराला लागतं तेवढं रक्त ते नीट पुढे ढकलू शकत नाही. मग रक्त मागे तुंबतं. फुप्फुसात तुंबलं की दम लागतो, पायात तुंबलं की सूज येते.

हार्ट अटॅक वेगळा. त्यात हृदयाला रक्त पुरवणारी नळी अचानक बंद होते आणि स्नायूचा काही भाग मरतो. असा अटॅक येऊन गेला की उरलेल्या स्नायूवर सगळा भार पडतो आणि पुढे हार्ट फेल्युअर होऊ शकतं.

रिपोर्टवरच्या आकड्याबद्दलही एक गोष्ट. निरोगी माणसाचं पंपिंग 100 टक्के नसतं, साधारण 55 ते 70 टक्के असतं. त्यामुळे 50 लिहिलेलं पाहून 'अर्धं हृदय गेलं' असं समजू नका. उलट काही जणांचं पंपिंग 60 असतं तरी हार्ट फेल्युअर असतं, कारण त्यांचं हृदय जाड आणि ताठ झालेलं असतं, ते नीट सैल होऊन भरतच नाही. वर्षानुवर्षांचं बीपी, मधुमेह आणि लठ्ठपणा यांत हा प्रकार बऱ्याचदा दिसतो.

विंचवाने शिकवलेला धडा

कोकणातल्या माणसाला विंचू वेगळा सांगायला नको. लाल विंचू चावल्यावर पूर्वी धडधाकट माणसं, लहान मुलं दगावत. त्यांना दरदरून घाम यायचा, हातपाय गार पडायचे, मग दम लागून तोंडातून फेस यायचा. विष 'चढलं' एवढंच लोक म्हणत.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रात्र रात्र रुग्णांजवळ बसून त्यांनी पाहिलं की ही माणसं हृदयामुळे जात आहेत. विंचवाच्या विषामुळे शरीरात ताणाची रसायनं पुरासारखी सुटतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भडकतो, त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. म्हणजे काही तासांत झालेलं हार्ट फेल्युअरच. त्यावर त्यांनी प्राझोसिन नावाची गोळी वापरली आणि 1986 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. ही गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. वेळेत गोळी मिळू लागल्यावर विंचूदंशाने होणारे मृत्यू खूपच कमी झाले. 2022 मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आता गंमत बघा. प्राझोसिन हे मुळात बीपीचंच औषध. विंचू जे काही तासांत करतो, तेच वाढलेलं बीपी दहा-पंधरा वर्षांत करतं. दाबाविरुद्ध ढकलून ढकलून हृदयाची भिंत आधी जाड होते, मग ताठ होते, काहींची शेवटी फुगून ढिली पडते. फरक एवढाच की विंचू चावला की आपण मध्यरात्री रिक्षा काढून दवाखाना गाठतो. बीपी चावत नाही, दुखत नाही, म्हणून आपण बसून राहतो.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांचा अनेक वर्षं अभ्यास झाला. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांना हार्ट फेल्युअर झालं त्यांच्यापैकी 91 टक्के लोकांना आधीपासून उच्च रक्तदाब होता. म्हणजे दहातले नऊ.

बाकीची कारणं, आपल्या घरातली

बीपी एकटं येत नाही. त्याचे सोबती ओळखून ठेवा.

*हृदयाच्या नळ्यांचा आजार.* केरळमधल्या तिरुअनंतपुरम इथे 2013 मध्ये हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या 1205 रुग्णांची नोंद झाली. त्यांतल्या सुमारे 72 टक्के लोकांत मूळ कारण नळ्यांचा आजार हे होतं आणि सरासरी वय होतं फक्त 61. म्हणजे 'वय झालं' म्हणण्याचं हे वय नव्हे.

*मधुमेह.* साखर नळ्यांनाही त्रास देते आणि थेट हृदयाच्या स्नायूलाही. बीपी आणि साखर दोन्ही असतील तर धोका आणखी वाढतो.

*तंबाखू आणि दारू.* मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे. 'मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते' असं सांगणाऱ्या मावशींना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. रोजची जास्त दारू तर हृदयाचा स्नायूच ढिला करते.

*मीठ.* भाजीत मीठ बेताचं असतं हो, पण बाजूला सुकट, खारा बांगडा, सुके बोंबील, लोणचं, पापड, सांडगी मिरची असते. दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा, म्हणजे 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पावसाळ्यात ताजी मासळी नसते तेव्हा सुक्या मासळीवर आपला भर असतो. ज्यांचं हृदय आधीच अशक्त आहे त्यांना एवढं मीठही पुरतं: पाणी साठतं आणि दम वाढतो.

*गुडघ्याच्या गोळ्या.* लावणीच्या दिवसांत कंबर आणि गुडघे धरतात. मग मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणून महिना महिना खाल्ल्या जातात. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी साठवतात, बीपी वाढवतात आणि किडनीलाही त्रास देतात. हृदयाच्या रुग्णाने त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

*लहानपणीचा सांधेताप.* घसा दुखून ताप आला, मग सांधे सुजले, ही गोष्ट साधी नव्हे. यात हृदयाच्या झडपा खराब होतात आणि तिशीतच दम लागू शकतो. अशा मुलांना पेनिसिलिनची इंजेक्शनं ठरलेल्या दिवशी, वर्षानुवर्षं घ्यावी लागतात.

शिवाय लठ्ठपणा, झोपेत मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, थायरॉइडचा आजार, खूप कमी हिमोग्लोबिन, कॅन्सरची काही औषधं हीसुद्धा कारणं आहेत. बाळंतपणाच्या आसपास एखाद्या तरुण मुलीला आडवं झोपल्यावर दम लागत असेल तर त्याला 'अशक्तपणा' म्हणून सोडू नका.

"पण डॉक्टर, गोळीची सवय लागते ना?"

हा प्रश्न रोज येतो आणि तो चुकीचा नाही. आयुष्यभर गोळी घ्यायची म्हटलं की कोणालाही नको वाटतं.

पण बीपीच्या गोळीचं व्यसन लागत नाही. चष्मा काढला की पुन्हा अंधुक दिसतं, तेव्हा आपण 'चष्म्याची सवय लागली' म्हणून डोळ्यांना दोष देत नाही. तसंच हे. गोळी घेतल्यामुळे बीपी नॉर्मल आलं आहे, गोळी बंद केली की बहुतेकांचं पुन्हा वाढतं. 'गोळीने किडनी जाते' हाही गैरसमज. किडनी जाते ती मोकाट सुटलेल्या बीपीने.

वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं तर गोळी कमी होऊ शकते. चक्कर येत असेल, पाय सुजत असतील तर बदलता येते. पण ते डॉक्टरांसोबत ठरवायचं, स्वतःच्या मनाने नाही.

'आता सत्तरी-ऐंशीला कशाला गोळ्या?' असं विचारणाऱ्या मुलांसाठी एक आकडा देतो. 80 वर्षं आणि त्यापुढच्या 3845 लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. बीपीचं औषध घेणाऱ्या गटात हार्ट फेल्युअर 64 टक्क्यांनी कमी झालं. ऐंशीतही फायदा होतो, तर पन्नाशीत का सोडायचं?

चूक फक्त रुग्णाची नाही

काकांना रागावून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण 'बीपी नॉर्मल आहे' असं सांगताना 'गोळीमुळे नॉर्मल आहे' हे दोन शब्द जास्त बोलायला आम्ही डॉक्टर कंटाळतो. चिठ्ठीवर 'एक महिन्याने दाखवा' लिहितो, पण पुढे काय ते सांगत नाही.

आणि घरची परिस्थितीही मला माहीत आहे. मुलगा मुंबईहून गणपतीला येताना गोळ्या आणतो, त्या शिमग्यापर्यंत पुरवायच्या असतात. मग एक दिवसाआड एक गोळी सुरू होते. तपासायला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीच्या वेळा सांभाळाव्या लागतात. याला निष्काळजीपणा म्हणायला मी तयार नाही.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या शेजारीच करून पाहिलेला आहे. 2017 मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत घाटापलीकडचा सातारा आणि खालचा सिंधुदुर्ग होते. त्यात अवघड काहीच नव्हतं: ठरावीक साध्या गोळ्या, सरकारी केंद्रात त्यांचा पुरेसा साठा, एका वेळी महिन्याभराची गोळी आणि तपासणीला न आलेल्या रुग्णाची चौकशी. माझ्या मते हार्ट फेल्युअर रोखायला नव्या मोठ्या मशीनच्या आधी हे चार नियम प्रत्येक गावात पक्के झाले पाहिजेत. गोळी माणसाच्या जवळ गेली तरच ती रोज पोटात जाईल.

तोवर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात बीपी मोफत मोजून मिळतं, तिथे गोळ्यांची चौकशी करा. आशाताईंना सांगून ठेवा. खेर्डी-चिपळूणकडच्या लोकांनी 22 जुलै 2021 चा पूर पाहिला आहे. आपल्या गोळ्यांच्या चिठ्ठीचा आणि इकोच्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि एक मुंबईच्या मुलालाही पाठवा.

एवढं लक्षात ठेवा

तिशीनंतर वर्षातून एकदा तरी बीपी मोजा, त्रास नसला तरी. वेगवेगळ्या दिवशी मोजून 140/90 किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ज्यांना हार्ट फेल्युअर आहे त्यांनी रोज सकाळी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगातलं पाणी असतं, लगेच कळवा.

नेहमीचा चढ चढताना पूर्वी लागत नसलेला दम, उशा वाढवाव्या लागणं, रात्री दचकून उठून बसावं लागणं, पायांवर बोटाने दाबल्यावर पडणारा खड्डा, ही म्हातारपणाची लक्षणं समजू नका. एकदा इको करून घ्या. आणि दम अचानक वाढला, ओठ निळे पडले किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता 108 ला फोन करा.

पोफळीच्या वीजगृहात यंत्र आवाज करायला लागेपर्यंत कोणी थांबत नाही. दाब दाखवणारे काटे रोज पाहिले जातात, म्हणून इतकी वर्षं वीज मिळते आहे. काका स्वतः तिथेच नोकरी करून निवृत्त झाले. हे मी म्हटल्यावर ते थोडे हसले आणि काकूंकडे बघून म्हणाले, "खरं आहे. काट्याकडे बघायचं राहिलंच."

औषधांनी त्यांची सूज उतरली आहे, आता ते आडवं झोपू शकतात. पण चार वर्षांमागचं हृदय त्यांना पूर्ण परत मिळेल असं मी सांगू शकलो नाही. तुमच्या घरात कोणी गोळी बंद केली असेल तर आज संध्याकाळी एवढंच विचारा, "का बंद केलीत?" आणि उद्या त्यांना सोबत घेऊन बीपी मोजून या.