नाव झाकले, तर हिशेब कोणाला विचारावा?

कायदा निष्प्रभ करण्यासाठी तो रद्दच करावा लागतो असे नाही. त्यातील दोन वाक्ये गाळली तरी पुरते. माहिती अधिकार कायद्याचे नेमके तेच झाले आहे. ज्या नगर जिल्ह्याने महाराष्ट्राला ही चळवळ दिली, त्याने तरी याविषयी मौन पाळू नये, असे आम्हांस वाटते.

राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी १९९७ साली मुंबईच्या आझाद मैदानावर ही मागणी लावून धरली. राज्याचा २००० सालचा कायदा दुबळा निघाला. अधिक भक्कम कायद्यासाठी त्यांना ऑगस्ट २००३ मध्ये उपोषण करावे लागले. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा अमलात आला. दहा रुपयांचे शुल्क आणि तीस दिवसांची मुदत यांमुळे नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारही सरकारला जाब विचारू लागला.

मूळ कायद्यात खाजगीपणाला संरक्षण होतेच. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती नाकारता येत असे. मात्र व्यापक लोकहितासाठी ती देण्याची तरतूद त्याच कलमात होती. शिवाय, जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारू नये, असा दंडक होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने हे सारे पुसले. आता माहिती 'वैयक्तिक' आहे एवढे कारण नकारास पुरते.

रोजगार हमीच्या हजेरीपटावर नावेच तर असतात! कामावर न आलेल्याच्या नावे मजुरी उचलली गेली, हे नाव वाचल्यावाचून कसे उमगावे? रेशनच्या आणि घरकुलाच्या याद्यांचेही तेच.

लोकहितासाठी माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, असे उत्तर मिळते. परंतु ते कलम 'देता येईल' एवढेच म्हणते. मुभा अधिकाऱ्याची, हक्क मात्र नागरिकाचा गेला.

गुप्ततेचे मोल आम्ही जाणतो. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेला शब्द धर्मगुरू प्राण गेला तरी उच्चारीत नाही. परंतु ते गुपित एका जिवाचे असते. सरकारी तिजोरी सर्वांची आहे. एकाची ढाल दुसऱ्याच्या चोरीसाठी वापरू देता कामा नये.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आमचे आवाहन आहे: ग्रामसभेत मूळ शब्द परत आणण्याचा ठराव मांडा. आणि चर्चच्या दारावरही वर्षाचा जमाखर्च लावण्याचा आग्रह धरा. दुसऱ्याकडे हिशेब मागणाऱ्याने आपली वही आधी उघडलेली बरी.