मोत्याचं काय करायचं?

पुतणीला सातवा महिना लागला आणि डोहाळजेवणाच्या याद्या बाजूला राहून आमच्याकडे भलत्याच विषयावर फोनाफोनी सुरू झाली. मोत्याचं काय करायचं? मोत्या सहा वर्षांचा. परवापर्यंत तो ‘घरातलाच’ होता, आता एकदम ‘कुत्रं’ झाला!

केसांनी दमा होतो, जंत होतात, कुत्री बाळाचा मत्सर करतात... ऐकावं ते नवल. आणि सगळ्यांचा लाडका उपाय म्हणजे "गावी शेतावर सोडा, मोकळा राहील." मोकळा? आमचं गाव जुन्नरकडचं. तिथे उसात बिबटे आहेत आणि कुत्री हे त्यांचं नेहमीचं खाद्य. फटाका वाजला की मोरीत लपणारा हा प्राणी तिथे किती दिवस काढणार? जनावराची उपासमार होईल असं त्याला सोडून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड ठेवला तो १० ते ५० रुपये, तेव्हा कायद्याला घाबरून कोणी थांबेल असं नाही म्हणा.

आता आजारपणाचं. फिनलंडमध्ये ३९७ बाळांवर पहिलं वर्षभर नजर ठेवून केलेली एक पाहणी २०१२ साली छापून आली. कुत्रा असलेल्या घरातल्या बाळांना सर्दी-खोकला आणि कानाचं दुखणं कमी झालं, अँटिबायोटिक्सही कमी लागली. एवढ्यावरून कुत्रा म्हणजे बाळगुटी असं मी म्हणणार नाही. पण ‘कुत्रा म्हणजे आजारपण’ हे तरी कशावरून म्हणायचं? (मांजरवाल्यांसाठी: टॉक्सोप्लाज्मोसिसची काळजी मुख्यतः गरोदरपणात. मांजराची शी रोजच्या रोज, आणि दुसऱ्या कोणीतरी उचलायची, कारण त्यातले जंतू बाधायच्या अवस्थेत यायला एक ते पाच दिवस लागतात. अर्धकच्चं मटणही टाळायचं, ते कोणी सांगत नाही.)

काकूंनी पंचतंत्रातल्या मुंगसाची गोष्ट काढली. अविचार करू नये, हे तिचं तात्पर्य आपण शाळेत घोकलंय. मला त्यात दुसरंच खटकतं. आई पाण्याला गेली, बाप भिक्षेला गेला, आणि पाळण्यातलं बाळ मुंगसाच्या भरवशावर! माझा आग्रह आहे तो इथे. कुत्रा कितीही गुणी असो, बाळ आणि तो दोघेच खोलीत नकोत, दोन मिनिटंसुद्धा नकोत. बाळ रांगायला लागलं की तर अजिबातच नाही, कारण तेव्हा शेपटी ओढणारं बाळच असतं. आणि कुत्रा गुरगुरला तर त्याला मारू नका. तो चावण्याआधी सांगतोय, ते सांगणंच बंद करायचं का?

खरोखर चावरा कुत्रा असेल, किंवा बाळाला डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्याला सांभाळणारं घर शोधावं. शेत नव्हे.

जावई सध्या मोत्याला बाळाच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसायला शिकवतोय. नियम आत्ताच बदलले म्हणजे पुढे त्याचा राग बाळावर निघायला नको. रेबीजची लस आणि जंताचं औषध याच महिन्यात आहे. बाळ-बाळंतीण घरी यायच्या आदल्या दिवशी बाळाचं वापरलेलं दुपटं हॉस्पिटलातून आणून मोत्याला हुंगायला द्यायचं, हे काम माझ्याकडे आलंय.