फाजील मिळकत आणि फाजील करमणूक

आमच्या नगरसंस्थांच्या कारभारांत गेल्या कांहीं वर्षांत एक नवी परिभाषा रूढ झाली आहे. एखादें मैदान पालिकेच्या ताब्यांत असून त्यावर कांहीं बांधलेलें नसलें कीं तें ‘पडून असलेलें’ ठरतें. एखादें नाट्यगृह खर्चापुरतें उत्पन्न देत नसलें कीं तें ‘तोट्यांतलें’ ठरतें. एखादी मंडई जुनी झाली कीं तिचा ‘पुनर्विकास’ ओढवतो. आणि अशी कोणतीही जागा एकदां ‘अतिरिक्त मालमत्ता’ या सदराखालीं गेली म्हणजे लिलाव किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा एवढेंच तिचें भवितव्य उरतें. शब्द दिसावयास निरुपद्रवी आहेत. परंतु ज्या शब्दांच्या जोरावर एका पिढीनें जमविलेलें धन दुसऱ्या पिढीला न विचारतां तिसऱ्याच्याच पदरीं घालतां येतें, ते शब्द निरुपद्रवी नव्हेत. त्यांची झडती घेणें हें काम केवळ हिशेबनिसांवर सोंपवून चालणार नाहीं. म्हणूनच आम्ही आज या विषयास हात घातला आहे.

प्रथम कायद्याकडे पाहूं. महाराष्ट्रांतील बहुतेक महापालिकांचा कारभार १९४९ च्या अधिनियमानें चालतो. त्या अधिनियमाच्या मूळ रचनेंत पालिकेच्या कर्तव्यांचे दोन वर्ग पाडलेले आहेत: कलम ६३ मध्यें आवश्यक आणि कलम ६६ मध्यें ऐच्छिक. रस्ते, दिवे, पाणी, मैलावाहन हीं आवश्यक. उद्यानें, क्रीडांगणें, चौकांत व बागांत वाद्यवादनाची सोय हीं ऐच्छिक. मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमांतही हीच विभागणी होती. पुढें १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें बारावी अनुसूची जोडली; आणि नगरसंस्थांकडे सोंपवावयाच्या कामांच्या त्या यादींत उद्यानें व क्रीडांगणें यांना, तसेंच सांस्कृतिक आणि सौंदर्यविषयक कार्याला, पाणी व आरोग्य यांच्या पंक्तीस बसविलें. घटनेनें पंक्ति बदलली, पण कारभाऱ्यांची दृष्टि बदलली नाहीं. पैशाची ओढ लागली कीं कात्री प्रथम चालते ती ऐच्छिकावर, आणि बोट प्रथम जातें तें रिकाम्या जागेवर.

करमणूक ही चैन आहे, असें मानणारे गृहस्थ बहुधा स्वतः कोठल्या तरी जिमखान्याचे सभासद असतात. ज्याच्या घरीं पुस्तकांचें कपाट आहे त्याला सार्वजनिक वाचनालयाची उणीव भासत नाहीं, आणि ज्याच्या दारीं बाग आहे त्याला उद्यानाची मातबरी वाटत नाहीं. परंतु एका खोलीत पांच-सहा माणसें राहणाऱ्या कुटुंबाचें अंगण म्हणजे पालिकेचें मैदान, त्या घरच्या मुलाची अभ्यासाची खोली म्हणजे पालिकेची अभ्यासिका, आणि त्या घरच्या म्हाताऱ्याची ओसरी म्हणजे उद्यानांतला बांक. तेव्हां या खर्चाला लावलेली कात्री सर्वांना सारखी लागत नाहीं. श्रीमंताची करमणूक त्याच्या खिशांत असते. गरिबाची करमणूक नगराच्या जमिनींत असते. ती जमीन विकली म्हणजे गरिबाची मिळकतच विकली, मग तिच्या कागदावर नांव कोणाचेंही असो.

मुंबईंतील शिवाजी पार्काचें उदाहरण घ्या. १९२५ सालीं पालिकेनें हें मैदान लोकांसाठीं खुलें केलें, आणि दोन वर्षांनीं त्याला सध्याचें नांव मिळालें. आजच्या परिभाषेनें पाहतां ही जागा शंभर वर्षें ‘पडून’ आहे. परंतु तिच्यावर क्रिकेटपटूंच्या कित्येक पिढ्या तयार झाल्या, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या सभा तिनें पाहिल्या, आणि रोज संध्याकाळीं हजारों माणसें तेथें कवडीही न देतां मोकळा श्वास घेतात. या सर्वाची किंमत कोणत्या खात्यावर जमा धरली आहे? कोणत्याच नाहीं. जमाखर्चाच्या वहीत ज्याला रकाना नाहीं त्याला अस्तित्वच नाहीं, असा आमच्या कारभाऱ्यांचा समज झालेला आहे; आणि हाच आमच्या मतें सर्व अनर्थाचा उगम आहे.

पालिकांना पैसा हवा, हें आम्हीही जाणतों, आणि त्यांच्या तंगीचें कारणही लपून राहिलेलें नाहीं. जकात हें आमच्या शहरांचें स्वतःचें आणि भरंवशाचें उत्पन्न होतें. इतर शहरांत तिच्या जागीं स्थानिक संस्था कर आला आणि तोही पुढें बुडाला; मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला तेव्हां संपली. तेव्हांपासून राज्यसरकार देईल त्या भरपाईकडे डोळे लावून बसणें पालिकांच्या नशिबीं आलें. ज्याचें उत्पन्न दुसऱ्याच्या हातीं गेलें तो घरांतील भांडींकुंडीं मोजूं लागतो, हा मनुष्यस्वभावच आहे. पण भांडीं विकून महिन्याचा किराणा भरणाऱ्या कुटुंबास कोणी ‘पुनरुज्जीवनाच्या मार्गावर’ असल्याचें म्हणत नाहीं. मग नगरानें तेंच केलें असतां त्याला विकास हें नांव कां द्यावें?

विकासाच्या नांवाखालीं काय होऊं शकतें याचा धडा मुंबईच्या गिरणगांवाइतका स्पष्ट कोठेंच मिळणार नाहीं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंड पडल्या, आणि शहराच्या मध्यभागीं सुमारें सहाशें एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नें एक वांटणी सुचविली: गिरणीची जमीन विकासास काढल्यास ढोबळ मानानें एक तृतीयांश पालिकेकडे मोकळ्या जागांसाठीं, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठीं आणि उरलेली मालकाकडे जावी. वांटणी न्याय्य होती. शहराच्या छातीवर मोठा हिरवा पट्टा उमटला असता. परंतु २००१ मध्यें या नियमांत असा बदल करण्यांत आला कीं वांटणी साऱ्या जमिनीची न होतां फक्त आधींपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचीच व्हावी. इमारती पाडून जी मोकळी होईल ती वांटणीबाहेर राहावी. गिरण्यांच्या आवारांत मोकळी जमीन ती किती असणार! प्रकरण न्यायालयांत गेलें. उच्च न्यायालयानें २००५ मध्यें लोकांच्या बाजूनें अर्थ लावला, पण मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें २००१ चा बदल ग्राह्य धरला. एका वाक्यांतील एका शब्दाचा अर्थ फिरला आणि मैदानाच्या जागीं मनोरे व दुकानांचे महाल उठले. जागा गेल्या त्या दरोडा पडून नव्हे, तर परिभाषेनें गेल्या. शब्दांची झडती घ्यावी असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं.

पुण्याची कथा निराळी नाहीं. तेथें मोठ्या जमिनीवर घरें बांधणाऱ्याकडून सार्वजनिक सुविधांसाठीं कांहीं भाग पालिकेला मिळत आला. शाळा, दवाखाना, क्रीडांगण, वाचनालय यांसाठीं त्या जागा होत्या. २०२१ च्या ऑगस्टांत पालिकेच्या स्थायी समितीनें यांतील बऱ्याच जागा दीर्घ भाडेपट्ट्यानें खाजगी मंडळींस देण्याचा प्रस्ताव संमत केला. कारण सांगितलें तें उत्पन्नाचें. नागरिकांनीं ओरड केली म्हणून तें प्रकरण अडलें. परंतु प्रश्न असा कीं जी जागा शेजारच्या लोकांच्या सोयीसाठीं म्हणूनच मिळाली, ती त्या लोकांना न विचारतां उत्पन्नाचें साधन कशी होते? विश्वस्तानें ठेव गहाण टाकावी आणि वर व्याजाचा हिशेब दाखवून शाबासकी मागावी, असा हा प्रकार आहे.

बालगंधर्व रंगमंदिराचा वादही याच जातीचा. ८ ऑक्टोबर १९६२ रोजीं खुद्द बालगंधर्वांच्या हस्तें त्याची पायाभरणी झाली. १९६७ मध्यें ते वारले आणि २६ जून १९६८ रोजीं रंगमंदिर खुलें झालें. २०१८ च्या सुमारास ही वास्तु पाडून तेथें अनेक नाट्यगृहांचें नवें संकुल उभारण्याची कल्पना पुढें आली, आणि रंगकर्मींतच दोन तट पडले. जुन्या वास्तूंत गैरसोयी आहेत हें नाकारण्यांत अर्थ नाहीं, आणि विटाचुन्याची पूजा करावी असेंही आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं स्वच्छतागृहें घाण आहेत, खुर्च्या मोडल्या आहेत, ध्वनियंत्रणा बिघडली आहे, या तक्रारींचा उपाय दुरुस्ती हा आहे, पाडकाम नव्हे. आधीं देखभालीला पैसा द्यावयाचा नाहीं, मग वास्तु मोडकळीस आल्याचा दाखला द्यावयाचा, आणि शेवटीं त्या दाखल्यावर पुनर्विकासाची इमारत उठवावयाची, ही रीत आतां इतकी सरावाची झाली आहे कीं उपेक्षा ही पुनर्विकासाची पहिली पायरीच समजावी.

यावर कांहीं सुशिक्षित आम्हांस विलायतेकडे बोट दाखवतील. अवश्य दाखवावें. जोसेफ चेंबरलेन हे १८७३ ते १८७६ या काळांत बर्मिंगहॅमचे मेयर होते. त्यांनीं गॅस आणि पाणी शहराच्या मालकीचें केलें. त्यांच्याच पुढाकारानें आंखलेल्या सुधारणायोजनेंत नगराच्या मध्यभागीं नवा रस्ता काढतांना जागा विकून न टाकतां पंचाहत्तर वर्षांच्या पट्ट्यानें दिल्या, जेणेंकरून पुढच्या पिढ्यांना शहर श्रीमंत मिळावें. या योजनेंत उठविलेल्या गरिबांना पुरेशीं घरें मिळालीं नाहींत, हा तिचा डागही सांगितला पाहिजे. तरी मिळकत नगराची आणि नगर अखंड, ही दृष्टि त्यांत होती. त्याच बर्मिंगहॅमच्या पालिकेनें सप्टेंबर २०२३ मध्यें आपली तिजोरी रिकामी झाल्याची कायदेशीर नोटीस काढली. समान वेतनाचीं थकलेलीं देणीं, फसलेली संगणकपद्धति आणि वर्षानुवर्षें घटलेलें सरकारी अनुदान हीं त्याचीं कारणें. यांत वाचनालयांचा दोष कोणता? नाटकमंडळ्यांचा दोष कोणता? तरी कात्री त्यांच्यावरच चालली: कलासंस्थांचीं अनुदानें आधीं निम्मीं आणि मग पूर्णपणें बंद झालीं, आणि नगराची मिळकत विक्रीस निघाली. मिळकत विकून आलेला पैसा रोजच्या खर्चास वापरूं नये, हा तेथला सर्वसाधारण नियम. परंतु अडचणीच्या वेळीं सरकारच्या खास सवलतीनें तोही शिथिल झाला. विलायतेचा धडा घ्यावयाचा तर तो हा आहे: चुका कचेरींत होतात आणि दंड वाचनालय भरतें.

आमच्याकडे तर याहूनही विपरीत घडलें. मुंबई आणि पुणें येथील पालिकांच्या मुदती मार्च २०२२ मध्यें संपल्या, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथें लोकनियुक्त सभागृहच नव्हतें. मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक व्हावी, असें घटनेचें कलम २४३-यू स्पष्ट सांगत असतां असें घडलें. १९४९ च्या अधिनियमांतील कलम ७९ प्रमाणें मिळकत विकण्याचा वा पट्ट्यानें देण्याचा प्रस्ताव आयुक्तानें मांडावा आणि पालिकेनें त्यास मंजुरी द्यावी, अशी योजना आहे. पण आयुक्तच प्रशासक झाला म्हणजे मागणारा तोच आणि देणारा तोच! त्या अधिकाऱ्यांच्या सचोटीविषयीं आम्हांस शंका घ्यावयाची नाहीं. परंतु ज्या व्यवस्थेंत विरोधाचा एकही आवाज उठूं शकत नाहीं, तेथें सचोटीचा माणूसही शहराची मिळकत आपल्याच मतानें विकूं शकतो, हें विसरतां येत नाहीं. प्लेगाच्या सांथीनंतर १८९८ मध्यें मुंबईंत सुधार-ट्रस्ट निघाला, तोही प्रायः लोकांना जबाबदार नव्हता. त्यानें दादर-माटुंग्यास सुंदर वसाहती वसविल्या. पण दाट वस्तींतून जे उठले त्यांना घर मिळालें कीं नाहीं याची फिकीर फारशी केली नाहीं. अखेर १९३३ मध्यें तो पालिकेंत विलीन झाला. नगरसुधारणा लोकांवेगळी करतां येत नाहीं, हें तेव्हांच कळून चुकलें होतें.

आतां दुसरी बाजू. पालिकेची प्रत्येक जागा पवित्र आहे असें आम्ही म्हणत नाहीं. जकात गेल्यावर मुंबईच्या वेशीवरील जकातनाक्यांचें मूळ प्रयोजन संपलें. अशा जागा दुसऱ्या कामीं लावल्या तर त्यांत कोणाचें कांहीं हिरावलें जात नाहीं. मोकळी जागा राखली नाहीं तर तीवर अतिक्रमण होतें, हाही आक्षेप खोटा नाहीं. पण चोर येईल म्हणून दागिना सावकाराला देऊन टाकणें हें शहाणपण नव्हे, पहारेकरी ठेवावा. मैदानाला माळी आणि रखवालदार लागतो, खरेदीदार लागत नाहीं.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पालिकेनें आपल्या सर्व मिळकतींची नोंदवही, जागेच्या मूळ प्रयोजनासह, मराठींत छापून प्रत्येक प्रभागांत ठेवावी. कोणतीही मिळकत ‘अतिरिक्त’ ठरविण्यापूर्वीं त्या वस्तींत जाहीर सभा घ्यावी, आणि निर्णय फक्त लोकनियुक्त सभागृहानें, नांवनिशीवार मतें नोंदवून करावा. प्रशासकाच्या राजवटींत असा निर्णय होऊंच नये. विक्रीचा पैसा पगारांत वा पुलांत न मुरवतां नवी सार्वजनिक जागा घेण्यासाठींच वेगळा ठेवावा. आणि उद्यानें, क्रीडांगणें, वाचनालयें, नाट्यगृहें यांच्या देखभालीस अंदाजपत्रकाचा ठराविक हिस्सा कायद्यानें बांधून द्यावा, म्हणजे ‘ऐच्छिक’ हा शब्द तरी कायमचा निकालांत निघेल.

या मागण्या अव्यवहार्य आहेत असें ज्यांना वाटेल त्यांना आमचा एकच प्रश्न आहे. आजची पिढी ज्या मैदानांत खेळली, ज्या वाचनालयांत वाचली, ज्या रंगमंदिरांत नाटक पाहून शहाणी झाली, तीं तिच्यासाठीं कोणी तरी राखून ठेवलीं होतीं. राखणाऱ्यांजवळ आजच्यापेक्षां अधिक पैसा नव्हता. त्यांच्याजवळ अधिक होतें तें हें भान कीं नगर हें दुकान नव्हे, आणि आपण त्याचे मालक नसून पाळीचे राखणदार आहों. पाळी संपतांना आलेली वस्तु पुढच्याच्या हातीं द्यावयाची असते. फाजील असेल तर ती जमीन नव्हे; ती विकावयास निघालेल्या हातांचा अधिकार फाजील आहे, आणि तोच आधीं काढून घेतला पाहिजे.